टाकीच्या तळाशी सगळं ठीक होतं

विशाखापट्टणमच्या वायुगळतीची गोष्ट बहुतेक जण ७ मे २०२०च्या पहाटे तीनपासून सांगायला सुरुवात करतात. रस्त्यावर कोसळणारी माणसं, तोंडाला फेस आलेली जनावरं, बापाच्या खांद्यावर मान टाकलेलं पोर. ती दृश्यं त्या दिवशी मोबाइलवर सगळ्यांनी पाहिली. पण पहाटे तीनला एल. जी. पॉलिमर्सच्या कारखान्यात कुणाच्या हातात फारसं काही उरलेलंच नव्हतं. जे हातात होतं ते त्याआधी, दिवसाउजेडी, कामाच्या वेळेत घडत गेलं. म्हणून हा घटनाक्रम बराच मागून सुरू करावा लागतो.

डिसेंबर २०१९ : साधारण पाच महिने आधी

गोपालपट्टणमजवळच्या आर. आर. वेंकटापुरमचा हा कारखाना १९६१मध्ये हिंदुस्तान पॉलिमर्स या नावाने उभा राहिला. १९९७मध्ये तो कोरियाच्या एल. जी. केमकडे गेला. माल तोच राहिला, पॉलिस्टायरीन. दह्याचे कप, टीव्हीच्या खोक्यातला पांढरा थर्माकोल, पेनाची पारदर्शक नळी यांतलं बरंच काही याच घराण्यातलं. त्याचा कच्चा माल म्हणजे स्टायरीन, पाण्यासारखा दिसणारा, गोडसर उग्र वासाचा द्रव.

स्टायरीनचा स्वभाव असा की त्याला पॉलिमर व्हायचंच असतं. नुसतं ठेवलं तरी त्याचे रेणू एकमेकांना धरून साखळ्या करू लागतात, आणि प्रत्येक जोडणीला उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेने पुढच्या जोडण्या आणखी वेगाने होतात. २९ अंश सेल्सिअसला, ही जोडणी रोखणारं कुठलंही रसायन (रोधक) नसताना, निम्म्या स्टायरीनचं पॉलिमर व्हायला सुमारे ४०० दिवस लागतात. १२७ अंशांना हेच काम चार तासांच्या आत उरकतं. १६७ अंशांना जेमतेम पाव तास. पुढचं सगळं समजायला एवढे तीन आकडे पुरेत.

म्हणूनच पॉलिस्टायरीनच्या रिअ‍ॅक्टरवर तापमानाचा एवढा पहारा असतो. खालपासून वरपर्यंत वेगवेगळ्या उंचीवर तापमान मोजायला थर्मोकपल, ढवळायला अ‍ॅजिटेटर, उष्णता काढून घ्यायला कॉइल आणि कंडेन्सर, ठरावीक अंशाच्या वर गेलं की फीड आपोआप बंद करणारा इंटरलॉक. रिअ‍ॅक्टर चालवणाऱ्या माणसाला एक अंशाचा चढही स्वस्थ बसू देत नाही. पण तेच स्टायरीन आवारातल्या साठवण टाकीत असलं की त्याच्याकडे कच्चा माल म्हणून पाहिलं जातं. टाकीला कोणी रिअ‍ॅक्टर म्हणत नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मूळ या एका समजुतीत आहे.

एम-६ ही अशीच एक टाकी, जुनी आणि मोठी. तिच्यात स्टायरीन थंड राहावं म्हणून ते पंपाने बाहेर काढून, चिलरमधून फिरवून परत आत सोडलं जाई. आंध्र सरकारने नंतर नेमलेल्या उच्चाधिकार समितीच्या अहवालानुसार डिसेंबर २०१९मध्ये या फिरवण्याच्या पाइपांत बदल केला गेला. बदलानंतर थंड होऊन आलेलं स्टायरीन खालच्या भागातच परतू लागलं. पंपही खालूनच ओढत होता. म्हणजे तळचं स्टायरीन तळातच गोल फिरत राहिलं आणि वरच्या थरापर्यंत गारवा पोचेनासा झाला.

घरच्या गिझरमध्ये गरम पाण्याची नळी वरच्या अंगाला का असते, ते आठवा. गरम द्रव हलका, तो वर तरंगतो. एम-६मध्येही तसंच झालं. आणि या टाकीचं तापमान दाखवणारा सेन्सर एकच होता, तोही तळाजवळ. मध्ये नाही, वर नाही. चिलरचा गारवा जिथे पोचत होता, बरोबर तिथेच मोजमाप चालू होतं.

२५ मार्च २०२० : ४३ दिवस आधी

मध्यरात्री देशभर लॉकडाउन लागला. उत्पादन थांबलं. रोज कारखाना चालतो तेव्हा टाकीतलं स्टायरीन वापरलं जातं, नवं येतं, काही ना काही हालचाल होत राहते. आता अठराशे टनांहून जास्त स्टायरीन एका जागी पडून राहिलं. देखभालीपुरती माणसं येत-जात होती.

स्टायरीनला शांत ठेवणारं एक रसायन असतं, टर्शरी ब्युटाइल कॅटेकॉल. कारखान्यात सगळे त्याला टीबीसीच म्हणतात. दशलक्ष भागांत दहा-पंधरा भाग एवढंसं घातलं तरी ते जोडण्या सुरूच होऊ देत नाही. मात्र त्याच्या दोन अटी आहेत. एक, त्याला काम करायला द्रवात विरघळलेला थोडा ऑक्सिजन लागतो. दुसरी, ते खर्च होत जातं, आणि उष्म्यात जास्त वेगाने. म्हणून ते वरचेवर मोजायचं आणि कमी झालं की घालायचं.

समितीला दिसलं ते असं : लॉकडाउनच्या काळात कारखान्यात टीबीसीचा साठाच नव्हता. टाकीतल्या विरघळलेल्या ऑक्सिजनवर लक्ष ठेवण्याची सोय नव्हती. टाकीसाठी कंपनीने धरलेली तापमानाची मर्यादा ३५ अंश होती. स्टायरीन २५ अंशांच्या खाली ठेवावं, असं उद्योगातलं सर्वसाधारण सांगणं आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. टीबीसी बाष्पाबरोबर उडत नाही. टाकीच्या वरच्या मोकळ्या जागेत स्टायरीनची वाफ चढते, छताच्या आतल्या बाजूला थेंब होऊन बसते, आणि त्या थेंबांत टीबीसी अजिबात नसतं. तिथे पॉलिमर निवांत धरू लागतं. अशा टाक्यांच्या छताला आतून लोंबणारे पॉलिमरचे सुळके या धंद्यातल्या जुन्या माणसांना नवे नाहीत. संरक्षण जिथे सगळ्यात कमी, उष्णता तिथेच सगळ्यात जास्त, आणि थर्मामीटर तिथून सगळ्यात लांब.

एप्रिलचा शेवट : दहाएक दिवस आधी

टाकीतून सॅम्पल काढून त्यात पॉलिमर किती झालं हे बघण्याची पद्धत आहे. एप्रिलच्या शेवटी-शेवटी ते प्रमाण चढलेलं दिसलं. समितीने ही इशाऱ्याची घंटा मानली, आणि ती ऐकली गेली नाही असं स्पष्ट नोंदवलं. सॅम्पल खालून काढलेलं. तळच्या गारव्यात पॉलिमर वाढत असेल तर वर काय चाललं असेल, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

कागदावर मात्र सगळं मर्यादेच्या आत होतं.

बुधवार, ६ मे, सकाळी ८

चिलर सुरू झाला. रोज सकाळी आठला सुरू आणि संध्याकाळी पाचला बंद, हा तिथला शिरस्ता. आंध्रच्या किनाऱ्यावर मेमध्ये रात्रीही पारा फारसा उतरत नाही. तरी चोवीस तासांतले पंधरा तास टाकी स्वतःच्या भरवशावर.

६ मे, दुपार

इथून पुढच्या तासांसाठी हा घटनाक्रम अर्धा कोरा आहे. टाकीच्या मधल्या आणि वरच्या थराचं तापमान दुपारी एकला किती, चारला किती, याची नोंद कुठेच नाही, कारण नोंद करायला तिथे काही बसवलेलंच नव्हतं. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर तळाचा आकडा यायचा आणि तो बघून पॅनेलवरचा माणूस निर्धास्त राहायचा. त्याला दोष देणं सोपं आहे. पण त्याच्यासमोर जो आकडा होता तो खोटा नव्हता. तो दुसऱ्याच जागेचा होता.

वर जे चाललं असणार ते रसायनशास्त्रातून मांडता येतं. उन्हाने छत तापलेलं. खालून गारवा येत नाही. टीबीसी संपत आलेलं. रेणू जुळताहेत, उष्णता सुटते आहे, आणि साखळ्या वाढतील तसा द्रव काकवीसारखा दाट होतो आहे. दाट द्रव फिरत नाही. फिरत नाही म्हणून आतली उष्णता बाहेर जात नाही. एक किलो स्टायरीन पूर्ण पॉलिमर झालं तर साधारण ६७० किलोज्यूल उष्णता सुटते. ती बाहेर पडायला वाट नसेल तर तेच स्टायरीन स्वतःला शेकडो अंश तापवू शकतं. टाकीत तर अठराशे टनांहून जास्त होतं.

६ मे, संध्याकाळी ५

चिलर बंद झाला, रोजच्यासारखा.

त्या घडीला तो चालू ठेवला असता तर काय झालं असतं? फार काही नाही, असं मला वाटतं. गारवा तळातच फिरला असता. त्या संध्याकाळी उपयोग झाला असता तो वरच्या थरात बुडवलेल्या एका थर्मोकपलचा. मग टीबीसी मागवायला, पाण्याचे फवारे सुरू करायला, गाव हलवायला आठ-दहा तास हाताशी होते.

६ मे, रात्री १०

वेंकटापुरम कारखान्याच्या कुंपणाला जवळजवळ खेटून आहे. कारखाना आला तेव्हा आजूबाजूला वस्ती विरळ होती. साठ वर्षांत शहर सरकत सरकत त्याच्या भिंतीपर्यंत आलं. लॉकडाउनमुळे सगळे घरात. उकाडा, म्हणून कुणी अंगणात, कुणी गच्चीवर आडवे झालेले. वैशाखी पौर्णिमेची रात्र, चांदणं लख्ख.

गुरुवार, ७ मे, मध्यरात्र ते २

स्टायरीन १४५ अंशांना उकळतं. मध्यरात्रीनंतर केव्हातरी टाकीतला वरचा भाग त्या वाटेला लागला. ४०० दिवसांचं काम काही तासांवर आणि काही तासांचं मिनिटांवर येण्याचा टप्पा हाच. इथे प्रक्रिया पळत सुटते. एवढ्या टाकीला त्यानंतर बाहेरून आवरणं जवळपास अशक्य.

पहाटे, तीनला थोडा वेळ कमी

टाकीच्या माथ्यावरच्या व्हेंटमधून आणि झाकणातून पांढुरकी वाफ उसळू लागली. वायू ओळखणाऱ्या यंत्रांनी नियंत्रण कक्षात इशारा दिला.

कारखान्यात भोंगा होता. तो वाजवण्यासाठी आवारात ३६ ठिकाणी बटणं होती, त्यातलं एक अगदी फाटकावर. एकही दाबलं गेलं नाही. हे समितीच्या अहवालात आहे, आणि त्यावर कितीही विचार केला तरी मला समाधानकारक उत्तर सापडत नाही. तापमान दिसत नव्हतं हे समजू शकतं. वाफ दिसत होती.

पहाटे ३ ते ३.३०

स्टायरीनची वाफ हवेच्या साडेतीनपटीहून जड असते. ती वर जाऊन विरत नाही. जमिनीलगत पसरते, गल्ल्यांतून वाहते, सखल जागी साचते. वारा वस्तीकडे होता. माणसं डोळ्यांची आग आणि घशातल्या जळजळीने उठली, दारं उघडून बाहेर आली, आणि बाहेर वाफ जास्त होती. घरात राहायचं की पळायचं, पळायचं तर वाऱ्याच्या कोणत्या बाजूला, तोंडाला ओला कपडा धरायचा की नाही, हे त्यांना कुणी कधी शिकवलं नव्हतं. काही धावता धावता रस्त्यातच पडली. दुचाकीवरून निघालेल्यांना भोवळ आली. पळताना विहिरीत पडूनही मृत्यू झाल्याचं पोलिसांनी नंतर सांगितलं.

पहाटे ३.३० ते ५

साडेतीनच्या सुमारास पोलिसांना फोन गेला. गस्तीवरचे शिपाई काही मिनिटांत पोचले. त्यांच्याकडे मास्क होते ते करोनाचे. त्यांतल्याही काहींना चक्कर आली. तरी दारं ठोठावून, गाडीचे सायरन वाजवून त्यांनी गाव उठवलं. कारखान्याच्या भोंग्याचं काम पोलिसांच्या गाड्यांनी केलं. अग्निशमन दल आलं, पाठोपाठ राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) स्थानिक तुकडी. दारं फोडून आतल्या बेशुद्ध माणसांना बाहेर काढावं लागलं.

उजाडल्यावर

शहराच्या किंग जॉर्ज रुग्णालयात एका खाटेवर दोन-तीन मुलं. पाच गावं रिकामी केली गेली. मरण पावलेल्यांत लहान मुलगी होती, वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असलेला तरुण होता. एकूण १२ जण गेले, ५८५ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. गुरं दावणीलाच मेली. झाडांची पानं करपली.

दुपार

बैठका, भेटी, घोषणा. प्रत्येक मृताच्या कुटुंबाला राज्य सरकारकडून १ कोटी रुपये.

संध्याकाळ ते मध्यरात्र

टाकी अजून तापलेलीच होती. आत शिल्लक असलेलं शांत करायचं तर टीबीसी हवं, आणि ते तिथे नव्हतं. ते पश्चिम किनाऱ्यावरून आणावं लागलं. वापीहून ५०० किलो टीबीसी दमणच्या विमानतळावर आणि तिथून विमानाने विशाखापट्टणमला. पुण्याहून एनडीआरएफच्या पाचव्या बटालियनमधले रासायनिक आपत्तीचे जाणकार निघाले, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञही गेले. लॉकडाउनमध्ये एक ट्रक जिल्ह्याची हद्द ओलांडताना काय यातायात व्हायची ते आठवत असेल, तर एका रोधकासाठी विमान उडवण्याची किंमत कळेल. हे रसायन एप्रिलमध्ये कारखान्याच्या गोदामात पडून असायला हवं होतं.

रात्री उशिरा पुन्हा वाफ निघतेय अशी आवई उठली आणि हजारो माणसं दुसऱ्यांदा घर सोडून रस्त्यावर आली. तापमान खाली यायला पुढचे काही दिवस गेले.

त्यानंतर

८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड इथे रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले, आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांचं पहिलं पान तिकडे वळलं. ते स्वाभाविकच होतं. त्याच दिवशी राष्ट्रीय हरित लवादाने कंपनीला ५० कोटी रुपये जमा करायला सांगितलं. ९ मे रोजी वेंकटापुरमच्या लोकांनी मृतदेह कारखान्याच्या फाटकासमोर ठेवून निदर्शनं केली. त्याच तारखेला राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने बंद कारखाने पुन्हा सुरू करताना घ्यायच्या काळजीची सूचनावली काढली. दोन दिवस उशीर. त्या परिसरात आणि बंदरावरच्या टाक्यांत उरलेलं सुमारे १३ हजार टन स्टायरीन जहाजांत भरून कोरियाला परत पाठवलं गेलं.

कंपनीने माफी मागितली. पर्यावरण मंजुरी आपल्याकडे नाही असं तिने २०१९मध्येच प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं होतं, तेही याच निमित्ताने सर्वांसमोर आलं. नीरभ कुमार प्रसाद यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ६ जुलै २०२० रोजी अहवाल दिला. दुसऱ्या दिवशी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांसह १२ जणांना अटक झाली, तीन सरकारी अधिकारी निलंबित झाले.

त्या वेळी लॉकडाउनवर खापर फोडणारे पुष्कळ होते. मला ते पटत नाही. पाइप लॉकडाउनच्या आधी बदलले होते. सेन्सर आधीपासून एकच होता. चिलरच्या वेळा करोनाने ठरवल्या नव्हत्या. लॉकडाउनने एवढंच केलं की टाकीला सहा आठवडे एकटं सोडलं आणि तिच्यातल्या उणिवांना वेळ दिला. रोजच्या धबडग्यात त्या कदाचित आणखी काही वर्षं झाकून राहिल्या असत्या.

आपल्याकडे महाराष्ट्रात तारापूर, डोंबिवली, नागोठणे, महाड, लोटे इथल्या आवारांत स्वतःहून तापू शकणारी किती तरी द्रव्यं टाक्यांत भरून ठेवलेली असतात. सणाच्या सुट्टीत, संपात, मंदीत तीही आठवडेच्या आठवडे हलत नाहीत. अशी एखादी टाकी तुमच्या अखत्यारीत असेल, तर उद्याच्या शिफ्टला लॉगशीटवर सही करण्याआधी एकदा शिडी चढून वर जा, आणि तो आकडा टाकीच्या नेमक्या कोणत्या उंचीवरून येतो ते स्वतः पाहून घ्या.